‘तोच दिवस’ म्हणजे आठवडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या सोसायटीतली एक मुलगी बेलारूस देशातल्या ग्रोद्नो शहरात डॉक्टरकी शिकायला गेली आहे. आपल्याकडची बरीच मुलं आता ग्रोद्नो, विटेब्स्क, होमेल, मिन्स्क अशा गावांत जातात. जाण्याआधी तीन महिने ती संध्याकाळी माझ्याकडे रशियन शिकायला यायची. वार, महिने, आकडे, बाजारहाट, सगळं तोंडपाठ करून गेली. गेल्यावर पंधरा दिवसांत तिनं मला मोबाइलवर एका दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला. उघडण्या-मिटण्याच्या वेळा होत्या आणि खाली लिहिलं होतं : ‘न्याद्झेल्या – सुट्टी.’ तिचा प्रश्न : ‘‘काका, दुकान आठवडाभर बंद आहे का?’’

‘‘नाही गं, फक्त रविवारी,’’ मी कळवलं. तिचा गोंधळ अगदी रास्त होता. रशियन भाषेत ‘निदेल्या’ म्हणजे आठवडा. बेलारूशियन भाषेत जवळजवळ तोच शब्द, ‘न्याद्झेल्या’, म्हणजे रविवार. दोन भाषा इतक्या शेजारच्या, लिपी एकच, शब्दांची धाटणी एकच, आणि आठवड्यासारख्या रोजच्या गोष्टीत मात्र फारकत. मी पुण्यात रशियन शिकलो, पुढे पुष्कळ वर्षं शिकवली. आमच्या पिढीला सोविएत पुस्तकं इतकी स्वस्तात मिळत, की त्या विशाल देशात रशियनखेरीज इतर भाषा नांदतात याचा अनेकांना पत्ताच नसे. ज्यांना असे ते बेलारूशियनला रशियनची बोली म्हणून मोकळे होत. त्या पाटीचं निमित्त झालं आणि मी एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर सात वार लिहिले. म्हातारपणी नवी भाषा शिकायची तर वारांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. शब्द सातच असतात आणि रोज एक वापरावाच लागतो.

तर ते सात वार असे : पान्याद्झेलाक, आव्तोराक, सेरादा, चात्स्वेर, प्यात्नित्सा, सुबोता, न्याद्झेल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत.

आधी उच्चाराबद्दल दोन शब्द. मी ‘द्झ’ असं जोडाक्षर लिहितो आहे खरा, पण तो एकच आवाज आहे. आपण ‘जवळ’ म्हणताना जो ज काढतो तोच, फक्त किंचित मऊ. ‘त्स’ म्हणजे ‘चमचा’मधला च. आता गंमत पाहा, हिंदी भाषकाला हे दोन्ही आवाज मुद्दाम शिकावे लागतात, आणि रशियन माणूससुद्धा ‘द्झ’पाशी अडखळतो, तो ‘देन’ म्हणतो तिथं बेलारूशियन माणूस ‘द्झेन’ म्हणतो. मराठी माणसाला मात्र ते घरबसल्या येतात. ‘द्झेन’ म्हणजे दिवस. आपला ‘दिन’ आणि हा ‘द्झेन’ एकाच प्राचीन मुळातून फुटले आहेत.

मंगळवारच्या ‘आव्तोराक’मध्ये एक खास अक्षर आहे. दिसायला रशियन ‘उ’, पण त्याच्या डोक्यावर आपल्या चंद्रासारखी एक लहानशी वाटी. उच्चार उ आणि व यांच्या मधला. हे अक्षर ना रशियनमध्ये आहे, ना युक्रेनियनमध्ये. बेलारूशियन लोकांना त्याचं इतकं अप्रूप, की पोलोत्स्क या त्यांच्या प्राचीन शहरात २००३ मध्ये त्या अक्षराचं चक्क स्मारक उभारलं गेलं. राजाचं नाही, सेनापतीचं नाही, एका अक्षराचं. मला तरी ही कल्पना फार आवडली.

आता या नावांचा अर्थ. आपले वार ग्रहांचे. रवी, सोम, मंगळ, बुध. ही पद्धत ग्रीक-रोमन जगाकडून ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली आणि रुजली. मध्य प्रदेशात एरण इथं बुधगुप्ताच्या काळातला एक स्तंभलेख आहे, इसवी सन ४८४ चा. त्यात तिथीबरोबर ‘सुरगुरूचा दिवस’, म्हणजे गुरुवार, असा वाराचा उल्लेख आहे. भारतातल्या वाराच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी तो एक. इंग्रजांचे वारही देवांचेच, त्यांच्या जुन्या जर्मानिक देवांचे. ख्रिस्ती धर्मगुरूंना मात्र रोज सकाळी जुन्या देवांची नावं घेणं खपेना. त्यांनी वार मोजायला सुरुवात केली : दुसरा, तिसरा, चौथा. ग्रीकांनी असंच केलं. पोर्तुगीजांनीही केलं. त्यांचा सोमवार ‘सेगुंदा फेइरा’ म्हणजे दुसरा, मंगळवार ‘तेर्सा फेइरा’ म्हणजे तिसरा. गोव्यातल्या जुन्या मंडळींना हे शब्द ऐकून ठाऊक असतील. १५१० ते १९६१, साडेचारशे वर्षं हे वार सरकारी कागदांवर होते. घरात, बाजारात, चर्चच्या पायरीवरसुद्धा कोकणी माणूस ‘सोमार, मंगळार, आयतार’च म्हणत राहिला. राज्यकर्त्यांचं कॅलेंडर आणि लोकांचं कॅलेंडर यांत असं अंतर राहू शकतं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात असू द्या.

स्लाव लोक नवव्या शतकाच्या आसपास ख्रिस्ती झाले आणि त्यांनीही वार मोजले. पण त्यांनी मोजणी रविवारपासून न करता सोमवारपासून केली. म्हणून ‘आव्तोराक’ म्हणजे दुसरा आणि तो मंगळवार. ‘चात्स्वेर’ म्हणजे चौथा, गुरुवार. आपला ‘चार’ आणि संस्कृतचा ‘चतुर्थ’ त्यात सहज दिसतो. ‘प्यात्नित्सा’ पाचवा, शुक्रवार, ‘पंच’ आठवा. ‘सुबोता’ हा ज्यूंचा सबाथ. ‘न्याद्झेल्या’ची फोड ‘न’ आणि ‘करणं’ अशी आहे : ज्या दिवशी काम करायचं नाही तो दिवस. आणि ‘पान्याद्झेलाक’ म्हणजे त्या न-करण्याच्या दिवसानंतरचा.

राहिला बुधवार. ‘सेरादा’ म्हणजे मधला. शब्दाचं नातं ‘सेर्त्सा’शी, म्हणजे हृदयाशी, आणि तिथून थेट आपल्या ‘हृद्’शी. पण हा मधला कसा? सोमवारपासून मोजलं तर सात दिवसांचा मध्य गुरुवारी येतो. बुधवार मधला ठरायचा तर मोजणी रविवारपासून हवी. म्हणजे एकाच आठवड्यात दोन हिशोब. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सोमवारपासून मोजलेले आणि बुधवार रविवारपासून. जर्मन लोकही बुधवारला ‘आठवड्याचा मध्य’च म्हणतात. त्यामुळे हे नाव पश्चिमेकडून जर्मन मिशनऱ्यांबरोबर आलं असावं, असा एक तर्क आहे. ग्रीकांकडून काही, जर्मनांकडून काही, ज्यूंकडून एक. सात शब्दांत पूर्व युरोपचा धर्मइतिहास असा चिकटून बसला आहे.

आता आठवडा. रविवारसाठी ‘न्याद्झेल्या’ खर्ची पडल्यावर आठवड्याला काय म्हणायचं? बेलारूशियन शब्द आहे ‘तिद्झेन’. पोलिश, झेक, युक्रेनियन या भाषांतही याचीच भावंडं आहेत. फोड करा : ‘ति’ म्हणजे तो, ‘द्झेन’ म्हणजे दिवस. तोच दिवस. आज मंगळवार, मोजत गेलात की पुन्हा तोच दिवस येतो, मंगळवार. तो जो फेरा, त्याचं नाव ‘तोच दिवस’. हे वाचलं आणि मला आपल्या ‘आठवडा’ या शब्दाचं कोडं उलगडल्यासारखं वाटलं. दिवस सात, मग शब्दात आठ कुठून आले? कारण आपणही तेच केलं. या मंगळवारच्या बाजारापासून पुढच्या मंगळवारच्या बाजारापर्यंत, दोन्ही टोकं धरून, दिवस आठ. म्हणून ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या याच वारी या. फ्रेंच आणि जर्मन माणसंही बोलताना आठवड्याला आठ दिवस म्हणतात. शास्त्राचा शब्द ‘सप्ताह’, बाजाराचा शब्द ‘आठवडा’.

रशियन भाषेत काय झालं? तिथंही पूर्वी ‘निदेल्या’ म्हणजे रविवारच होता. रविवार ते रविवार या अर्थानं तो हळूहळू आठवड्याला लागला, आणि मूळ रविवारची जागा ‘वस्क्रेसेन्ये’ या शब्दानं घेतली. त्याचा अर्थ ‘पुनरुत्थान’. आधी तो फक्त ईस्टरचा शब्द होता, मग दर रविवारचा झाला. पण सोमवारला रशियन माणूस अजून ‘पनिदेल्निक’ म्हणजे ‘निदेल्यानंतरचा’च म्हणतो. म्हणजे जुना रविवार त्याच्या सोमवारात अडकून पडला आहे. बेलारूशियननं रविवार हलू दिला नाही. तेव्हा कोण कुणाची बोली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

वार शिकताना त्यांच्याभोवतीच्या म्हणीही येतातच. धरसोड माणसाला ते म्हणतात, ‘याच्या आठवड्यात सात शुक्रवार.’ आपण म्हणतो, ‘घटकेत तोळा, घटकेत मासा.’ जे कधीच व्हायचं नाही ते ‘गुरुवारी पाऊस पडून गेल्यावर’ होतं. शुक्रवारची तर एक संतीणच आहे, पारास्केवा-प्यात्नित्सा. ग्रीक भाषेत शुक्रवारचं नावच ‘पारास्केवी’, तेव्हा वार आणि संतीण एकरूप होऊन गेले. शुक्रवारी बायकांनी सूत कातू नये, तिला राग येतो, असं जुन्या बायका सांगत. (संपदा शुक्रवारची कहाणी ऐकत वाढलेल्यांना यात काही परकं वाटू नये.) शनिवार हा गावाकडे न्हाणीघराचा, वाफेच्या स्नानाचा दिवस. आणि शनिवार पितरांचाही. ‘द्झ्यादी’ म्हणजे आजे-पणजे. शरद ऋतूत त्यांच्या नावानं घरात जेवण करायचं, त्यांच्यासाठी पान वाढून ठेवायचं, नावं घेऊन त्यांना बोलवायचं. आपल्या पितृपक्षाशी हे किती जुळतं ते मी वेगळं सांगायला नको.

हे झालं घरातलं. ही भाषा दरबारातही होती. आजचा बेलारूस एकेकाळी लिथुआनियाच्या महाराज्याचा भाग होता आणि त्या राज्याचा कारभार जुन्या बेलारूशियन भाषेत चाले. १५२९, १५६६ आणि १५८८ असे तीन वेळा तिथले कायदे संहिता करून लिहिले गेले, ते याच भाषेत. पोलोत्स्कच्या फ्रांत्सिस्क स्कारिना यानं १५१७ मध्ये प्राग शहरात आपलं पहिलं पुस्तक छापलं. पुढे विल्नियसला येऊन त्यानं १५२२ च्या सुमारास प्रवाशांसाठी खिशात मावेल अशी प्रार्थनांची पुस्तिका काढली, त्यात वर्षभराचं कॅलेंडरही होतं. मग दिवस फिरले. १६९६ मध्ये न्यायालयीन कागदपत्रं पोलिशमध्ये लिहिण्याचा ठराव झाला. १७७२ ते १७९५ या काळात पोलंड-लिथुआनियाचे लचके तोडले गेले आणि हा प्रदेश रशियन साम्राज्यात गेला. भाषा शेतकऱ्याच्या घरात राहिली. शहरात जाणारा माणूस वेशीवर ती काढून ठेवी आणि पोलिश किंवा रशियन पांघरून आत जाई.

१९०६ मध्ये विल्नियसला ‘नाशा निवा’, म्हणजे ‘आपलं शेत’, हे साप्ताहिक सुरू झालं. सुरुवातीची काही वर्षं ते दोन लिप्यांत निघे. कॅथलिक वाचकांसाठी रोमन, ऑर्थोडॉक्स वाचकांसाठी सिरिलिक. याच मंडळींनी बेलारूशियन कॅलेंडरंही छापायला सुरुवात केली. ज्या घरात पुस्तक येत नाही त्या घरात कॅलेंडर येतं, हे आपल्याला सांगायला नकोच. भिंतीवर टांगलेल्या त्या कागदावर शेतकऱ्यानं आपल्या बोलण्यातले वार पहिल्यांदा छापलेले पाहिले. १९१८ मध्ये ब्रानिस्लाव ताराश्केविच यांनी शाळांसाठी व्याकरण लिहिलं. क्रांतीनंतर, विसाच्या दशकात, सोविएत बेलारूसमध्ये या भाषेला खरोखर चांगले दिवस आले. बेलारूशियन, रशियन, पोलिश आणि यिडिश अशा चार भाषांना राज्यात स्थान होतं. राज्यचिन्हावर चारही भाषांत घोषवाक्य होतं. मिन्स्कच्या नभोवाणीनं १५ नोव्हेंबर १९२५ रोजी पहिलं प्रसारण केलं. मी वहीत मोजून पाहिलं, तो दिवस न्याद्झेल्या होता.

आणि मग सरकारनं रविवारच काढून टाकला.

ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. १९२९ च्या उन्हाळ्यात मॉस्कोत ठरलं की कारखान्यांची यंत्रं एकही दिवस थांबता कामा नयेत. त्या वर्षीच्या शरद ऋतूपासून सात दिवसांचा आठवडा जाऊन पाच दिवसांचा आला. कामगारांचे पाच गट पाडले. प्रत्येकाला एकेक रंग : पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा. ज्याचा जो रंग त्याची त्या दिवशी सुट्टी. रोज पाचातले चार कामावर, एक घरी. पाच राष्ट्रीय सुट्ट्या वगळल्या की उरलेल्या ३६० दिवसांचे बरोबर ७२ पंचक होतात. कागदावर हिशोब चोख. पण नवरा पिवळा आणि बायको हिरवी असली की दोघांची सुट्टी एका दिवशी कधीच येणार नाही. मुलांच्या शाळेचा रंग तिसराच. मित्राला जेवायला बोलवायचं तर आधी त्याचा रंग विचारायचा. यंत्रांना दुरुस्तीसाठीसुद्धा उसंत मिळेना.

रविवारी चर्चमध्ये जाणं आपोआप बंद व्हावं, हाही हेतू होताच. मला मात्र यात दुसरंच काही दिसतं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं खटपट करून १८९० च्या जूनमध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. रविवार खंडोबाचा वार, म्हणून आपल्या कामगाराला तो आणखीच जवळचा. तिथं भांडवलदारांकडून झगडून घेतलेला रविवार, इथं कामगारांच्या म्हणवणाऱ्या राज्यानं कामगारांकडून काढून घेतला. तोही अवघ्या चाळीस वर्षांच्या अंतरानं.

पाच दिवसांचा प्रयोग फसला, म्हणून १९३१ च्या अखेरीस सहा दिवसांचा आठवडा आला. महिन्याच्या ६, १२, १८, २४ आणि ३० तारखेला सगळ्यांना सुट्टी. वारांच्या नावांची गरजच उरली नाही. कचेरीच्या कागदावर ‘षडहाचा तिसरा दिवस’ असं लिहायचं. ‘रविवार’ऐवजी लोक नुसतं ‘सुट्टीचा दिवस’ म्हणू लागले, आणि तो शब्द आजही दुकानांच्या पाट्यांवर आहे. पण हे सगळं मुख्यतः शहरात. खेड्यांत लोकांनी आपली न्याद्झेल्या सोडली नाही. बाजार जुन्या वारी भरत राहिला, शनिवारी न्हाणीघर तापत राहिलं. एकाच देशात दोन आठवडे समांतर चालले होते. ज्या माणसाचं घर खेड्यात आणि नोकरी मिन्स्कमध्ये, त्याला दोन्ही डोक्यात ठेवावे लागत.

भाषेचेही दिवस फिरले होते. १९३३ मध्ये सरकारी हुकमानं बेलारूशियनचं शुद्धलेखन आणि व्याकरण रशियनच्या जवळ आणलं गेलं. ज्यांनी विसाच्या दशकात शब्दकोश केले, शाळा काढल्या, कविता लिहिल्या, ते ‘राष्ट्रवादी’ ठरून एकेक करून उचलले गेले. २९ ऑक्टोबर १९३७ च्या रात्री मिन्स्कच्या तुरुंगात शंभराहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत लेखक, कवी, प्राध्यापक, अधिकारी होते. मिखास चारोत, आलेस दुदार हे बेलारूशियन कवी होते, इझी खारिक आणि मोइशे कुल्बाक हे यिडिशमध्ये लिहिणारे. ही रात्र आता ‘गोळ्या घातलेल्या कवींची रात्र’ म्हणून ओळखली जाते. मी त्या तारखेचा वार काढला. जुन्या हिशोबानं प्यात्नित्सा, म्हणजे ‘पाचवा’. सरकारी षडहाच्या हिशोबानंही तो पाचवाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेला, सगळ्यांना सुट्टी होती.

त्या वर्षांत मारलेल्या हजारो लोकांना मिन्स्कच्या वेशीवर कुरापाती नावाच्या रानात पुरलं गेलं होतं. १९८८ मध्ये ते जगासमोर आलं. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला द्झ्यादीच्या निमित्तानं लोक मिन्स्कच्या स्मशानाकडे निघाले आणि पोलिसांनी त्यांना पिटाळून लावलं. पितरांचं जेवण घरातून रस्त्यावर आलं ते असं.

सात दिवसांचा आठवडा २६ जून १९४० च्या हुकमानं परत आला. कारण धार्मिक नव्हतं. युद्ध तोंडावर होतं आणि कामाचे दिवस वाढवायचे होते. सहातून एक सुट्टी देण्यापेक्षा सातातून एक दिली की काम जास्त होतं, इतका साधा हिशोब. अकरा वर्षांनी रविवार पुन्हा सरकारी झाला. तो बेलारूसला एक वर्षसुद्धा नीट भोगता आला नाही. २२ जून १९४१ च्या पहाटे जर्मन फौजा सीमा ओलांडून आत आल्या. तो रविवार होता. सहा दिवसांत मिन्स्क पडलं. पुढच्या तीन वर्षांत त्या भूमीवर सरासरी चौघांमागे एक माणूस गेला. खतीन या जाळलेल्या खेड्याच्या जागी आज स्मारक आहे. तिथं तीन बर्च झाडं आहेत आणि चौथ्याच्या जागी ज्योत.

वारांनंतर मी महिन्यांकडे वळलो. रशियन महिने इतर युरोपसारखेच लॅटिन आहेत. बेलारूशियन महिने मात्र जवळजवळ सगळे शेताबांधावरचे. जानेवारी ‘स्तूद्झेन’, गारठ्याचा. फेब्रुवारी ‘ल्यूती’, उग्र. मार्च ‘साकाविक’, झाडात रस चढण्याचा, तेव्हा बर्चच्या खोडाला खाच पाडून रस काढतात. जुलै ‘लीपेन’, लिंडन वृक्षाच्या फुलोऱ्याचा. (क्रोएशियात हेच नाव जूनला आहे, कारण दक्षिणेत ही फुलं आधी येतात.) ऑगस्ट ‘झ्नीवेन’, कापणीचा. नोव्हेंबर ‘लिस्तापाद’, पानगळीचा. जून ‘चेर्वेन’ हा सगळ्यांत सुरस. त्या महिन्यात गवताच्या मुळांवरचे बारीक किडे गोळा करून त्यांपासून लाल रंग करत. त्या किड्यावरून महिन्याचं नाव, आणि ‘चिर्वोनी’ म्हणजे लाल हा शब्दही. आपण ‘किरमिजी’ रंग म्हणतो, तो फारसीतून आला आहे आणि त्याच्या मुळाशी संस्कृतचा ‘कृमी’ आहे. भाषाशास्त्रज्ञ या दोन्हींचं मूळ एकच सांगतात. पैठणीचा किरमिजी आणि बेलारूसचा जून असे एका किड्यापाशी येऊन भेटतात.

ऑक्टोबर ‘कास्त्रिच्निक’. जवसाच्या जातीचं फ्लॅक्स नावाचं पीक झोडपून तागासारखा धागा काढतात, तेव्हा जो काड्यांचा भुसा पडतो तो ‘कास्त्रित्सा’. तो त्या महिन्यात अंगणाअंगणात उडायचा. त्यामुळे ‘ऑक्टोबर क्रांती’ बेलारूशियन भाषेत ‘कास्त्रिच्नित्स्काया’ झाली, अक्षरशः भुश्याच्या महिन्याची क्रांती. मिन्स्कच्या मेट्रोचं मध्यवर्ती स्थानकही याच नावाचं आहे. कॅलेंडर बदलल्यामुळे ती साजरी होते ७ नोव्हेंबरला, म्हणजे पानगळीच्या महिन्यात, ही गोष्ट वेगळीच.

आणि डिसेंबर, ‘स्नेझान’, बर्फाचा. हा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात. १९३३ पूर्वीच्या पद्धतीनं ‘स’नंतर एक मृदुचिन्ह येतं, नव्या पद्धतीनं येत नाही. त्या एवढ्याशा खुणेवरून लिहिणाऱ्याची शाळा कळते, कधी कधी राजकारणही.

१९९० मध्ये बेलारूशियन ही एकमेव राज्यभाषा झाली. पाच वर्षांनी, १९९५ च्या सार्वमतानंतर, रशियनला बरोबरीचा दर्जा मिळाला आणि बरोबरीत जे होतं ते झालं. १९९९ च्या जनगणनेत सुमारे ७४ टक्के लोकांनी बेलारूशियन ही मातृभाषा सांगितली होती, घरात ती बोलणारे सुमारे ३७ टक्के. २००९ मध्ये तेच आकडे सुमारे ५३ आणि २३ वर आले. मातृभाषा म्हणून नाव सांगणारे निम्म्याहून जास्त, बोलणारे पावपटीच्या आसपास. मराठी शाळांचे पट पाहणाऱ्यांना या दोन आकड्यांतलं अंतर समजावून सांगावं लागणार नाही.

२०२० मध्ये मात्र या वारांना एक नवीच ओळख मिळाली. ९ ऑगस्ट २०२० ला, रविवारी, अध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकाल मान्य नसलेले लोक रस्त्यावर आले आणि पुढच्या रविवारी, १६ तारखेला, मिन्स्कमध्ये त्या देशानं क्वचितच पाहिली असेल एवढी गर्दी झाली. मग आठवड्याचं एक वेळापत्रकच तयार झालं. शनिवारी बायकांचा मोर्चा, रविवारी सगळ्यांचा, आणि पुढे ऑक्टोबरपासून सोमवारी पेन्शनरांचा. सुबोता, न्याद्झेल्या, पान्याद्झेलाक. हजारोंना अटक झाली, हिवाळा लागला, आणि १९२१ च्या नव्हे तर २०२१ च्या वसंतापर्यंत रस्ते गप्प झाले. पुष्कळ लेखक आणि प्रकाशक देश सोडून गेले. त्यांची बेलारूशियन पुस्तकं आता वॉर्सा आणि विल्नियसमध्येही छापली जातात, ‘नाशा निवा’च्या काळासारखी.

सध्या माझी वही ‘काल-आज-उद्या’पाशी आली आहे. ‘उचोरा’ काल, ‘स्योन्न्या’ आज, ‘झाव्त्रा’ उद्या. आपण ‘परवा’ एकच म्हणतो आणि मागचा की पुढचा ते क्रियापदावर सोडतो. त्यांना दोन वेगळे शब्द लागतात, ‘पाझाव्चोरा’ आणि ‘पास्ल्याझाव्त्रा’. बेलारूसच्या सरकारी सुट्ट्यांची यादीही मी त्याच पानावर उतरवून घेतली. नाताळ दोनदा आहे, २५ डिसेंबरला कॅथलिकांचा आणि ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्सांचा. ७ नोव्हेंबरही आहे. आणि एक मंगळवार आहे, ‘रादाव्नित्सा’. ऑर्थोडॉक्स ईस्टरनंतरच्या नवव्या दिवशी तो येतो, म्हणून दर वर्षी मंगळवारच. त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात आणि लोक अंडी, पाव, घरचा स्वयंपाक घेऊन आपापल्या गावच्या स्मशानात जातात, कबरी झाडतात आणि तिथंच बसून जेवतात.